होंगेच्या तेलावरचे अण्णा

मल्लेश्वरममधली ती खोली मला मिळाली ती माझ्या नाकामुळे. पगार किती, गाव कुठलं, लग्न झालंय की व्हायचंय, यातलं एक अक्षर न विचारता घरमालकांनी मला मागच्या अंगणात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "स्वल्प वास घ्या. कसला येतोय ते सांगा."

मी पुण्याहून नुकताच आलो होतो. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागलो होतो आणि आठवडाभर खानावळीचं सांबार खाऊन खाऊन अंगणात काय, विहिरीतही राहायला तयार होतो. पण दुसऱ्याच्या घराबद्दल विचारलं की खरं बोलायचं, ही खोड आम्हाला लहानपणापासून लावलेली असते. मी म्हणालो, "उंदीर मेलाय. माळ्यावर असेल. एक नसावा."

"सरी," म्हणजे ठीक, ते म्हणाले. "खोली तुमची. तुमच्याआधीचा एक म्हणाला, वासच येत नाही. दुसरा म्हणाला, जाई फुललीय काय हो? असल्या खोटारड्यांना घरात घेऊन काय करू मी?"

उंदीर मेलाच नव्हता. तो वास होंगेच्या तेलाचा होता. होंगे म्हणजे आपला करंज. त्याच्या बियांचं तेल कडू, पिवळट-तपकिरी, जाड. जनावरं ते चाटत नाहीत, माणसं खाजेवर लावतात आणि गरिबाघरी दिव्यात घालतात. अण्णा, म्हणजे हे घरमालक, त्या तेलावर लॉरी चालवत असत.

हे वाक्य मी पुण्याला पहिल्या पत्रात लिहिलं, तेव्हा वडिलांनी उलट टपाली विचारलं होतं की तिकडचं हवापाणी मला मानवतंय ना.

अण्णांचं घराणं तीन-चार पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, पण ती अशी की एका वाक्यात दोन शब्द कानडी आणि शेवटी एक 'की'. उंच, वाळके, कपाळावर गंध, अंगात खाकी शर्ट, खाली धोतर, आणि त्या धोतराच्या सोग्याला कायम लॉरीची चावी बांधलेली. जन्म एका बस कंपनीच्या वर्कशॉपात फोरमनकी करण्यात गेला होता. दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधायची आणि तिच्यातल्या धुरावर बस चालवायची, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालला होता. अण्णा त्यातले दर्दी. "तेव्हा बस कोळशावर चालली, कुणी हसलं नाही," ते म्हणत. "आता मी तेलावर चालवतो म्हटलं की हसतात. कोळसा काय इंजिनाच्या माहेरचा होता होय?"

आणि पुढचं बोलणं ठरलेलं असे. ज्या साहेबानं हे इंजिन जगाला दिलं, त्याच्या हयातीतच ते शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं म्हणे. ही हकिगत अण्णा अशा सुरात सांगत, जणू साहेबांची आणि त्यांची त्या विषयावर काल संध्याकाळीच गाठ पडली होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल लॉरी घेतली. लग्नामुंजींची भांडी, चुलाणं आणि आचारी इकडून तिकडे पोचवायची, हा तिचा धंदा. तुमकूर रस्त्यावर पीण्याजवळ, तेव्हा ते खेडंच होतं, त्यांच्या वडिलांनी ठेवलेली जमीन होती आणि तिच्यावर होंगेची गर्द झाडं. त्या झाडांखाली बियांचा सडा पडे. अण्णा तो वेचवून घाण्यावर गाळून आणत, आणि मग आमच्या अंगणात त्याचे सोपस्कार चालत.

सोपस्कार असे. गार तेल जाड असतं, ते इंजिनाच्या बारीक नळ्यांतून जात नाही. म्हणून लॉरी सुरू करायची डिझेलवर. ती चांगली तापली, की एक तोटी फिरवून डिझेल बंद आणि तेल चालू. हे तेलही गरम लागतं. त्यासाठी धुराचा पाइप वळवून एका मोठ्या तांब्याच्या हंड्याभोवती नेला होता. हंड्यात तेल, हंड्याच्या तोंडाला झाकण, आणि झाकणाच्या कडेनं कणकेची वात, दम देताना लावतात तशी. मुक्काम जवळ आला की तोटी पुन्हा डिझेलवर आणायची, नळ्यांतलं तेल जळून जाऊ द्यायचं, आणि मगच इंजिन बंद करायचं. हे विसरलं तर तेल नळ्यांत निवतं, घट्ट होतं, आणि लॉरीचा पुतळा होतो. अण्णा दर फेरीला निघताना हे मंत्रासारखं म्हणत, "डिझेलवर उठायचं, तेलावर चालायचं, डिझेलवर निजायचं."

ती तोटी होती डावीकडे. गाडी हाकता हाकता अण्णांचा हात तिथे पोचत नसे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी डावीकडे एक माणूस लागायचा. इंजिनियरिंगची पदवी घेऊन मी शेवटी कुठे पोचलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मी क्लीनर झालो.

अण्णांच्या प्रयोगांतले निम्मे फसत. तेल पातळ होईल म्हणून त्यांनी एकदा त्यात कापूर विरघळवला. लॉरी चालली, पण जिथून जाई तिथली म्हातारी माणसं अंगणात येऊन हात जोडायला लागली, आणि यशवंतपूरला पोचेपर्यंत इंजिनात काजळीची ढेकळं साठली. दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता. अण्णा धोतराला हात पुसून म्हणाले, "सरी. हे कळलं." एवढंच. फसलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचं हेच उत्तर. बाजूचे लोक त्यांना चक्रम म्हणत, तेही त्यांच्या कानावर आलं तेव्हा म्हणाले, "सरी. हे पण कळलं."

माझ्या डोक्यातूनही एक योजना निघाली होती. कारखान्याजवळच्या हॉटेलात बोंड्यांच्या कढईतलं जुनं तेल फेकून देतात, ते आणलं तर? मी मोठ्या ऐटीत डबा भरून आणला आणि अण्णा देवपूजेला बसलेले पाहून तो स्वतःच हंड्यात ओतला. गाळायला हवं हे मला ठाऊक होतं, पण वरवर ते स्वच्छ दिसत होतं. त्या दिवशी लॉरी बाजारातून निघाली आणि सगळ्या रस्त्याला खमंग बोंड्यांचा वास सुटला. दोघं जण पुढे येऊन 'प्लेट कशी दिली' म्हणून विचारून गेले. त्यानंतर कढईच्या तळाची मिरचीची सालं नळीत जाऊन बसली आणि लॉरी बरोबर देवळाच्या दारात, लग्नाच्या वरातीसमोर थांबली. पाठीमागे आचारी, पुढे नवरदेव, मध्ये मी. अण्णांनी नळी काढली, तोंडानं फुंकली, आणि एक मिरचीची बी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "जपून ठेवा, इंजिनियर. तुमच्या कॉलेजात दाखवायला होईल."

पुढे माझं लग्न झालं आणि ही बंगळूरला आली. तेल गाळायला अण्णांना जुन्या मऊ लुगड्याचा कपडा लागे. काकूंची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, सगळी जुनी लुगडी त्या कामी आली होती आणि आता त्या आपली ट्रंक कुलपात ठेवत. अण्णांनी माझ्याकडे शब्द टाकला. मी हिच्या ट्रंकेच्या तळातून सगळ्यांत विटकं, सगळ्यांत मऊ लुगडं शोधून दिलं. ते तिच्या आजीचं महेश्वरी होतं आणि जपून ठेवल्यामुळे विटकं झालं होतं, हे मला कसं कळावं? संध्याकाळी तिनं ते अंगणात दोन खुंट्यांना झोळीसारखं बांधलेलं पाहिलं. खाली थेंब थेंब तेल पडत होतं, आणि अण्णा झोळीजवळ उकिडवे बसून तोंडभर कौतुक करत होते, "काय गाळतं हो! असं तेल उभ्या जन्मात बघितलं नाही. अजून एखादं आहे काय?"

त्यानंतर महिनाभर मी चहा मागितला की ही म्हणे, "अण्णांना विचारा."

हे सगळं हसत-खेळत चाललं असतं, पण त्या हिवाळ्यात तुमकूरहून निरोप आला. पीण्याची जागा एका कारखानदाराला हवी होती. झाडं तोडून तिथे शेड उभी राहणार होती. जमीन अण्णांच्या आणि त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावावर, आणि बहीण विकायला तयार होती. दोघांपैकी एकानं जरी हट्ट धरला तरी व्यवहार अडत होता. पण थोरल्या बहिणीपुढे अण्णांनी हट्ट धरणं ही गोष्ट त्या घराण्यात आजवर झालेली नव्हती.

या बहिणीला सगळं जग अक्का म्हणे. आई लवकर गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलं. साठी उलटली तरी ती त्यांना 'तम्मा' म्हणजे धाकटा म्हणूनच हाक मारी. तुमकुरात बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ-माखू घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्ध्या तुमकूरला तिनं पायांवर उताणं घालून तेल चोळलं होतं, त्यामुळे तिथल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ती मोठा माणूस मानत नसे.

अण्णा तिला भेटून आले. मग एका संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, "अक्का म्हणते, झाडं गेली की तुझं खूळ जाईल. म्हातारपणी धुरात मरशील म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, खूळ नव्हे, काम आहे. तर म्हणाली, असं असेल तर मला इथून बंगळूरपर्यंत त्या तेलावर घेऊन जा. गाडी उठवायला चमचाभर डिझेल घे म्हणाली, रस्ता मात्र तेलावर. वाटेत दुसऱ्याकडे डिझेल मागायला लागलास, नाही तर गाडी ओढून न्यावी लागली, तर मी सही करणार. पोचलास, तर बघू." ते उठले. "पुणेकर, तुम्ही तोटीवर या. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

माझ्या आजवरच्या कामगिरीनंतर माझ्यावर भरवसा ठेवणारा तो जगातला एकटा माणूस होता. मला गहिवरून आलं. काकू आतून एवढंच म्हणाल्या, "हंड्याचं काय सांगणार अक्कांना?" अण्णांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

हंड्याची गोष्ट मला तेव्हा कळली. तो हंडा न्हाणीघरातला होता. अण्णांच्या लग्नात अक्कांनी दिलेला, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'चि. तम्मास लग्नात, अक्काकडून.' अण्णांनी तो लॉरीवर चढवल्यापासून काकू पत्र्याच्या डब्यात पाणी तापवत होत्या. तुमकूरला जायच्या दिवशी अण्णांनी त्या हंड्याला गोणपाटाचे दोन अंगरखे घातले आणि सुतळीनं आवळून बांधले.

पौषातली थंडी होती. आम्ही सकाळीच निघालो आणि तेलावर सुरेख तुमकूरला पोचलो. अक्का गाठोडं, लोणच्याची बरणी आणि हातात पितळी तांब्या घेऊन ओट्यावर तयारच होत्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, दात सगळे शाबूत. अण्णांनी बरोबर आणलेलं सगळं तेल हंड्यात ओतून झाकणाला कणीक लावली. तेवढ्यात अक्का लॉरीभोवती एक फेरी मारून आल्या.

"ते काय रे झाकलंयस, तम्मा?"

"टाकी, अक्का."

"टाकीला थंडी वाजते होय?"

"वाजते की," अण्णा म्हणाले, आणि हे शंभर टक्के खरं होतं.

अक्का आम्हा दोघांच्या मध्ये बसल्या. डिझेलवर उठलो, लॉरी तापली, अण्णांनी मान हलवली, मी तोटी फिरवली. इंजिनाचा आवाज जरा मऊ झाला, मागे पांढुरका धूर आणि तो वास. अक्कांनी पदर नाकाला लावला. "अजून तसाच आहे मेला," त्या म्हणाल्या. रस्ता मागे पडत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढत होतं, आणि ते लपवायला ते उगाच हॉर्न वाजवत होते.

दाबसपेठच्या पुढे, डोंगराचं वारं जिथे अंगावर येतं, तिथे एका खेड्याची पालखी रस्ता ओलांडत होती. ग्रामदेवीची. डोलू, म्हणजे तिकडचे ढोल, वाजत होते, चार टेंभे जळत होते, कुणाच्या तरी अंगात आलं होतं. अण्णांनी लॉरी थांबवली. इंजिन चालूच ठेवायचं होतं, हे आम्हा दोघांना झोपेतही ठाऊक होतं.

"तम्मा," अक्का म्हणाल्या, "बंद कर ते. देवीपुढं कसली गुरगुर!"

साठ वर्षं त्या आवाजापुढे 'होय' म्हणत आलेला तो हात. डोक्याला कळायच्या आत त्यानं कळ ओढली. इंजिन गप्प झालं.

आणि तोटी? माझ्याकडे डोळे मोठे करू नका. इंजिन बंद होण्याआधी ती फिरवणं हे माझं एकमेव काम होतं, हे मला मान्य आहे. पण त्या वेळी माझे दोन्ही हात देवीपुढे जोडलेले होते. डोळेही मिटलेले होते. मी डोळे उघडले तेव्हा अण्णा अक्कांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत होते.

पालखी लगेच गेली असती तर निभावलं असतं. पण वाऱ्यानं एक टेंभा विझत आला होता. टेंभेवाला तेलाचं भांडं घेऊन आजूबाजूला पाहत होता, आणि पाहता पाहता त्यानं नाक वर केलं. सरळ लॉरीशी आला. "अम्मा, होंगे एण्णे?" त्यानं अक्कांना विचारलं. "पंजिगे स्वल्प हाकी." होंगेचं तेल ना, टेंभ्याला थोडं घाला, म्हणत होता.

देवीच्या टेंभ्याला तेल मागायला कुणी दारात आलं तर सवाष्ण असो की आजी, कुणी नाही म्हणत नाही. अक्का खाली उतरल्या. "तम्मा, तेल काढ."

अण्णा जागचे हलेनात. "अक्का, डबे रिकामे आहेत. सगळं टाकीतच..."

"मग टाकीतलं काढ. देवी थांबलीय."

त्यांनी स्वतःच सुतळी ओढली. गोणपाट गळून पडलं. उन्हात तो तांब्याचा हंडा चमकला आणि त्याच्या पोटावरची अक्षरं अक्कांच्या नाकासमोर आली. त्यांनी ती बोटानं वाचली. 'चि. तम्मास' वर बोट जरा थांबलं. मी रस्त्याकडे पाहायला लागलो. अण्णा आकाशाकडे.

मग अक्कांनी कणीक उकरून झाकण काढलं, हातातला तांब्या आत बुडवला, आणि टेंभेवाल्याच्या भांड्यात तेल ओतलं. टेंभा भडकला. त्या माणसानं भंडारा त्यांच्या कपाळाला लावला, मग अण्णांच्या, मग माझ्या, आणि उरलेला लॉरीच्या नाकाला. देवी पुढे गेली. पण त्या सगळ्या थाटात पुरेसा वेळ गेला होता. अण्णांनी कळ दाबली. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा दाबली. मग कण्हणंही थांबलं.

एक लॉरीवाला मागून आला. अण्णांच्या ओळखीचाच होता. थांबून हसला. "काय अण्णा, निजली काय? दोर आहे माझ्याकडं. बंगळूरपर्यंत ओढतो की."

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. कापराच्या वेळी नाही, मिरचीच्या वेळी नाही. 'हे कळलं' म्हणायलाही त्यांचं तोंड उघडेना. त्या दोराच्या टोकाला पीण्याची सगळी झाडं बांधलेली होती.

"नको," अक्का म्हणाल्या. लॉरीवाल्याला नव्हे, अण्णांना. "आत्ता देवीला तेल दिलं ह्या गाडीतून. आता काय गळ्यात दोर बांधून घेऊन जाणार तिला? काय झालंय तिला, ते सांग."

"नळ्यांत तेल गारठलं, अक्का. ऊब पाहिजे. पण इथं रस्त्यात..."

"पोटात गोळा झालाय म्हण की." त्यांनी पदर खोचला. "कुठाय पोट? दाखव."

मग जे झालं ते माझ्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मी त्या तासाला गैरहजर राहिलो असतो. समोर एक चहाचं हॉटेल होतं. अक्कांनी तिथली निखाऱ्यांची शेगडी उचलून आणवली, तवा आणवला. "पेट घेईल हो अक्का!" मी म्हणालो. तशा त्या म्हणाल्या, "जन्मलेल्या पोराजवळ मी शेगडी ठेवते, बाबा. किती अंतर ठेवायचं ते मला सांगतोस? तो मफलर सोड गळ्यातला."

तो मफलर हिनं विणला होता. महेश्वरीनंतर समेट झाल्याची खूण म्हणून. मी तो सोडला. त्याच्या घड्या तव्यावर तापल्या आणि अक्का त्या पंपावर, मग एकेका नळीवर दाबून धरू लागल्या. बाळंतिणीच्या पोटाला शेक देतात तसाच तो शेक. हातही तसेच. मध्ये मध्ये त्या नळीवरून वरून खाली दोन बोटं फिरवत आणि "ये, ये, ये" असं काही तरी पुटपुटत. अण्णा एकेक जोड सैल करून दाखवत, अक्का शेकत, आणि मी तव्यापाशी बसून मफलर भाजत होतो. लोकरीचा आणि होंगेचा मिळून जो वास सुटला, त्यापुढे मेलेला उंदीर काहीच नव्हे. हॉटेलातली गिऱ्हाइकं कप घेऊन बघायला आली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं हलकेच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"अजून खोकला नाही," अक्का मागे न बघता म्हणाल्या.

सैल केलेल्या जोडातून आधी घट्ट, मग पातळ, मग सरळ धारेनं तेल आलं. अण्णांनी जोड आवळले. मी तोटी डिझेलवर नेली, आणि यावेळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. अण्णांनी कळ दाबली. कण्हणं. पुन्हा. मग एक ठसका. मग दोन. मग पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट आला की म्हाताऱ्याचा कप दिसेना, आणि आत कुठे तरी इंजिन धडधडायला लागलं.

"खोकला सुटला," अक्का हात पुसत म्हणाल्या. "आता दम धर. अंगात ऊब आली की मग घाल ते तुझं तेल."

पीण्याला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लॉरी तेलावर चालली होती. अण्णांनी झाडांजवळ वेग कमी केला, थांबायचं की काय अशा विचारानं. अक्का म्हणाल्या, "थांबू नकोस. परत बंद पडलं तर आणखी एक न्हाणं घालायला लावशील मला." पण त्यांनी मान वळवून ती झाडं शेवटपर्यंत पाहिली.

घरी काकूंनी पायांवर पाणी घातलं. अक्का ओट्यावर बसल्या, घोटभर कॉफी घेतली, आणि मग म्हणाल्या, "त्या कारखानावाल्याला सांग, नाही म्हणून."

अण्णा म्हणाले, "म्हणजे अक्का, तुला पटलं?"

"काय पटायचंय त्यात? झाडं गेली की खूळ जाईल असं मला वाटलं होतं. आज बघितलं. झाडं गेली तर तू खोबऱ्याच्या तेलावर चालवशील. तुझं खूळ जायचं नाही, मग झाडं तरी कशाला घालवू? देवीला तेवढं तेल तरी होईल." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि माझा हंडा. दिवे लागायच्या आत न्हाणीघरात दिसला पाहिजे मला."

"होय, अक्का," अण्णा म्हणाले.

हंडा दिवे लागायच्या आत न्हाणीघरात गेला. चिंचेनं, राखेनं, आणखी कशाकशानं घासला, पण ते वर्षभर आम्ही सगळे करंजाच्या वासाच्या पाण्यानं आंघोळ करत होतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस खिडकीजवळ बसायला गेला. हिनं मफलरबद्दल काय म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही.

लॉरी मात्र अंगणात उभी राहिली. अण्णांनी हंड्याच्या जागी तुपाचा डबा लावून पाहिला, तो गळला. दुधाची किटली लावली, ती वितळलेल्या झाळेसकट खाली आली. "सरी. हे कळलं." पीण्याची झाडं फुलली, बिया पडल्या, अण्णांनी वेचवल्या, गाळून आणल्या, आणि तेलाचे डबे जिन्याखाली ओळीनं लावून ठेवले. लॉरी चालत नसताना तेल कशाला गाळता, असं मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी वासाबद्दल काही खोटं बोललो होतो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दारात टांगा थांबला. अक्का. तुमकूरहून बसनं आल्या होत्या, आणि टांग्यात त्यांच्या शेजारी, त्यांच्यापेक्षा जास्त जागा अडवून, फडक्यात बांधलेलं काही तरी बसलेलं होतं. अण्णांनी आणि मी ते दोघांनी मिळून उतरवलं. फडकं सोडलं तर आत नवा कोरा तांब्याचा हंडा, जुन्याहून थोरला. उन्हात डोळे दिपत होते.

"हे काय, अक्का? आहे की आमच्याकडं एक."

"तुला कोण देतंय?" अक्का म्हणाल्या आणि काकूंचा हात धरून आत गेल्या.

अण्णांनी हंडा फिरवला. पोटावर ठिपक्याठिपक्यांची नवी अक्षरं होती. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ती बोटानं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, मग मला वाचायला लावली.

'चि. लॉरीस, अक्काकडून.'

अण्णांनी धोतराला हात पुसले. सोग्याची चावी सोडली.

"पुणेकर," ते म्हणाले, "बघत काय राहिलात? कणीक मळा."